गॅस कमी येतोय

आमचं बॅटरीचं दुकान शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्यावर होतं. पुढं दुकान, मधे पडदा आणि पडद्यामागं आमच्या दोन खोल्या. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, ट्रकच्या बॅटऱ्या चार्जिंगला यायच्या. मेलेल्या बॅटऱ्या उघडून दुरुस्तही व्हायच्या. नव्वदच्या दशकात कोणी बॅटरी लगेच भंगारात टाकत नसे. वरचं डांबर खरवडायचं, आतल्या प्लेटा बाहेर काढायच्या, सडलेल्या बदलायच्या आणि शिशाच्या पट्टीनं सगळ्या पुन्हा एकमेकींना जोडायच्या. त्यातलं हे जोडकाम सगळ्यात अवघड. शिसं फार लवकर पाघळतं. जाळ जरा मोठा झाला की पट्टी गळून खाली पडते आणि लहान झाला की सांधा कच्चा राहतो.

हे, म्हणजे माझा नवरा, त्या कामासाठी कार्बनची कांडी वापरायचे. तिच्यानं ठिणग्या उडायच्या, सांधा खडबडीत व्हायचा. ऑक्सिजनचं सिलिंडर पुण्याहून आणावं लागे आणि ते वेळेवर कधी मिळत नसे. मग एकदा पुण्यात एका सोनाराकडं यांनी पाण्यावर चालणारं मशीन पाहिलं. पाण्यात करंट सोडायचा, पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो आणि तोच जाळायचा. सुईच्या टोकाएवढा निळा जाळ, पण असा कडक की सोनं वितळवतो. घरी आले ते त्याच तंद्रीत. जेवताना मला म्हणाले, "चार्जर आपल्याकडं हाय, डिस्टिल्ड पाणी हाय. राहिलं काय? डबा आन् प्लेटा."

मी बारावी सायन्सपर्यंत शिकले होते. शाळेत सरांनी काचेच्या भांड्यात दोन परीक्षानळ्या उपड्या ठेवून पाण्याचं विघटन दाखवलं होतं. एका नळीत दुप्पट वायू जमला होता आणि पेटती काडी जवळ नेल्यावर 'टप्' असा आवाज झाला होता. ते मी सांगितलं तर हे हसले. "तू परीक्षेत लिवलं, मी करून बघतो," म्हणाले.

मशीन केलंही. स्टीलचा जाड डबा, त्याला नटबोल्टनं आवळलेलं झाकण, आत एकाआड एक बसवलेल्या स्टीलच्या प्लेटा, पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा. झाकणातून निघालेली नळी पाण्यानं अर्ध्या भरलेल्या एका बाटलीत जायची. गॅस त्या पाण्यातून बुडबुडे काढत वर यायचा आणि पुढच्या नळीनं जाळाच्या पिनेपर्यंत, म्हणजे ज्या बारीक तोटीवर तो पेटवायचा तिथपर्यंत पोचायचा. जाळ उलटा आत शिरलाच तर त्या पाण्यातच विझावा, डब्यापर्यंत जाऊ नये, म्हणून ती बाटली. पहिल्या दिवशी जाळ लागला तेव्हा यांनी शेजारच्या किराणावाल्याला हात धरून आणून दाखवला.

पण ते सुख फार टिकलं नाही. काही आठवड्यांतच गॅस कमी येऊ लागला. बाटलीत आधी पाणी उकळल्यासारखं वाटायचं, तिथं आता एखाददुसरा बुडबुडा सुटायचा. जाळ मलूल होऊन लाल-पिवळा पडायचा. यांनी सोडा वाढवून पाहिला, पाणी बदलून पाहिलं. एक दिवस थोडं बरं चालायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

याच सुमारास दौंडहून आई आली होती.

आईचं येणं म्हणजे काय ते सांगायला हवं. माझे वडील, आप्पा, दौंडला रेल्वेत होते. डब्यांतले दिवे-पंखे ज्या बॅटऱ्यांवर चालतात, त्यांच्या विभागात मिस्त्री. आणि माझा नवरा त्यांच्याच हाताखाली अप्रेंटिस म्हणून आला होता. आप्पांना हा पोरगा फार आवडायचा. 'ह्याच्या हातात कळा हाय' असं ते घरी येऊन सांगायचे. कितीदा जेवायला घेऊन आले. आईच त्याला वाढायची. पुढं आमचं दोघांचं जमलं. आम्ही पाटलांच्या भावकीतले आणि यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आप्पांनी एकच वाक्य उच्चारलं, "माझ्या ताटात जेवला आन् माझ्याच घरात हात घातला." आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. त्यानंतर आप्पा माझ्याशी बोलले नाहीत, यांच्याशीही नाहीत. हे अप्रेंटिसशिप संपवून रेल्वेत लागायची वाट न बघता शिरूरला निघून आले, कारण रेल्वेच्या त्या शेडमध्ये आप्पांच्या समोर उभं राहणं त्यांना जमेना. आई मात्र चौफुल्यावरून, न्हावऱ्यावरून एसटीनं धक्के खात वर्षातून दोन-तीनदा यायची. आप्पा तिला अडवत नसत, परत आल्यावर काही विचारतही नसत.

तर त्या दिवशी आई दुकानात पायरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती आणि हे आत पट्टी जोडत होते. जाळ बारीक होत होत गेला आणि पिनेतून मागं शिरला. धाडकन आवाज झाला. बाटलीचं बूच उडून वरच्या पत्र्यावर आपटलं, सोड्याचं पाणी सगळीकडं शिंपडलं. मी पडदा बाजूला सारून धावत आले तर हे भिंतीला टेकून उभे, डोळ्यांवर चष्मा होता म्हणून बरं. कुणाला काही झालं नव्हतं. आईच्या ओट्यातले घाटे तेवढे रस्त्यापर्यंत गेले होते.

"बंद कर बाबा हे," आई म्हणाली. "बंद कर, नायतर मी इथं यायची न्हाई."

हे तिला समजावत राहिले, "आई, गॅस कमी येतोय म्हणून जाळ मागं गेला. गॅस नीट आला तर असं व्हायचं न्हाई."

आई दौंडला गेली. नंतर तिनं मला जे सांगितलं ते असं. रात्री भाकरी वाढताना तिला राहवलं नाही. आप्पांना ऐकू जाईल असं ती चुलीशीच बोलली, "त्या पोराच्या हातनं आज जीव गेला असता. पाण्याचा गॅस करतोय म्हणे." आप्पांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "हातपाय शाबूत हायत का?" आई व्हय म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "मधी पाण्याची बाटली लावली होती का?"

एवढ्या वर्षांत आमच्या घराबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

आईनं दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन केला. मी धावत गेले. ती म्हणाली, "आप्पा विचारत्यात, बाटली होती का." मी म्हटलं, होती. फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "आप्पा विचारत्यात, पाणी कुठलं घालता. आन् प्लेटांवर तांबूस चिखल बसतोय का." मी यांना विचारून सांगितलं. असे निरोप येत-जात राहिले. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. ती शब्द पाठ करून यायची आणि मला म्हणून दाखवायची. "करंट उतरलाय का तेवढाच हाय? हे नीट विचार, म्हणाले. करंट."

हे म्हणाले, "मिस्त्रींचं डोकं कसं चालतंय बघ. करंट तेवढाच असंल आन् गॅस कमी येत असंल, तर गॅस कुठंतरी गळतोय. करंटच उतरला असंल तर आत जोडणीत घोळ." एवढं बोलून ते अ‍ॅमीटर शोधायला उठले. त्यांच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांनी 'मिस्त्री' हा शब्द ऐकला.

पुढच्या बाजारच्या दिवशी आप्पा स्वतः आले.

मी काउंटरवर होते. एसटीतून उतरून आलेला माणूस पायरीशी उभा, हातात रेल्वेची जुनी रेक्झिनची पिशवी. केस पार पांढरे झालेले. मला पाहून त्यांनी नजर आत वळवली. हे उभे राहिले, हात पुसायला लागले, पुसतच राहिले.

"कुठं हाय ते?" आप्पा म्हणाले.

ते थेट मशीनपाशी गेले. मी पाहत होते. आप्पांची मोठी पंचाईत झाली होती. अप्रेंटिसला ते 'अरे-तुरे' करत. आता जावयाला 'अरे' म्हणता येईना आणि 'अहो' म्हणणं त्यांच्या जिभेवर येईना. मग त्यांनी एक युक्ती काढली. ते कुणालाच उद्देशून बोलेनात. "चार्जर लावायचा." "मीटर इकडं धरायचा." "साबणाचं पाणी आणावं जरा." जणू काय ते मशीनशीच बोलत होते. आणि हे 'व्हय मिस्त्री, व्हय मिस्त्री' करत मागं-पुढं करत होते.

मीटरनं सांगितलं, करंट आधीपेक्षा उतरलाय, पण फार नाही. गॅस मात्र निम्म्याहून कमी. आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दोन रोग दिसत्यात. एक असता तर लगेच सापडला असता," म्हणाले. ब्रशनं साबणाचं पाणी झाकणाच्या कडेनं लावत गेले. जिथं नळी झाकणाला मिळत होती तिथं बारीक फेस आला, पांढरा, सतत वाढणारा.

"हा घ्या," आप्पा म्हणाले.

'घ्या'! हे माझ्याकडं बघायला लागले. आप्पांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते एकदम खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधू लागले.

मी चहा आणला. आप्पांनी कप घेतला, घोट घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "साखर कमी केलीस काय? मला शुगर झालीय."

"आईनं सांगितलं होतं," मी म्हटलं.

आमचं त्या दिवशीचं बोलणं एवढंच. मी पडद्यामागं जाऊन बसले आणि रडले. बाहेर दोघं नळीचा सांधा सोडवत होते आणि आप्पा सांगत होते की रबर कितीही चांगलं असलं तरी कॉस्टिक त्याला खातं.

गळती थांबली, पण गॅस पूर्ण आला नाही. दुसरा रोग राहिलाच होता. त्यामुळं आप्पा पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. त्यांच्या येण्याची आम्हाला सवय झाली. सकाळच्या गाडीनं यायचे, दुपारच्या गाडीनं जायचे. भाकरी आईनं बांधून दिलेली असायची. ती ते दुकानातच, चार्जरच्या शेजारच्या स्टुलावर बसून खायचे. पडदा ओलांडून घरात कधी आले नाहीत. मी म्हटलं नाही असं नाही. एकदा म्हटलं, "आप्पा, आत बसा की, सावली हाय." ते म्हणाले, "हितं बरं हाय. हितं हातासरशी काम होतंय."

मधल्या काळात त्यांनी पाण्याचा छडा लावला. उन्हाळ्यात डिस्टिल्ड पाणी संपलं की हे बोअरचं पाणी वरून घालायचे. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की हंड्याला पांढरा थर धरतो. तोच थर प्लेटांवर चढला होता. प्लेटा काढून लिंबाच्या पाण्यात घातल्या, घासल्या. त्या दिवशी आप्पांनी लेंगा गुडघ्यापर्यंत सारला होता. दोघं समोरासमोर उकिडवे बसून प्लेटा घासत होते. आप्पा शेडमधल्या कुणाची तरी गंमत सांगत होते. एका हेल्परनं ॲसिडच्या बरणीत पाणी समजून कप बुडवला होता ती गोष्ट. ती हे अप्रेंटिस असतानाचीच होती. यांना माहीत होती. तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले. आणि आप्पा म्हणाले, "तवा तू... तवा तुम्ही सुट्टीवर असाल."

"व्हय, सुट्टीवर होतो मामा," हे म्हणाले.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मी काउंटरवर ताठ झाले. आप्पांनी प्लेट घासायची थांबवली नाही. हरकतही घेतली नाही.

खरा रोग शेवटी डब्याच्या तळाशी निघाला. प्लेटा ज्या बोल्टवर ओवल्या होत्या त्याचा आतला एक नट काळा पडून ढिला झाला होता. बाहेरून सगळं घट्ट दिसायचं, पण शेवटच्या काही प्लेटांना करंट पुरा पोचत नव्हता. तो नट यांना सापडला, आप्पांना नाही. यांनी बोट लावून नट हलवून दाखवला. आप्पांनी चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, "ह्याच्यासाठी एवढ्या चकरा!" पण चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी कानस घेतली, बोल्ट चकचकीत केला, नवा नट बसवला, पाना यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आवळा."

चार्जर लावल्याबरोबर बाटलीतलं पाणी खदखदायला लागलं. यांनी पिन पेटवली. निळा, सरळ, काटकोनात उभा असावा तसा जाळ. आप्पांनी पिन हातात घेतली आणि एका ट्रॅक्टरच्या बॅटरीची पट्टी जोडली. शिसं आरशासारखं चकाकलं आणि गोलाई धरून थिजलं. इतका देखणा सांधा मी दुकानात पाहिला नव्हता. यांनी त्या बॅटरीवर बोट फिरवलं. म्हणाले, "ही बॅटरी गिऱ्हाइकाला द्यावीशी वाटंना."

मी त्या दिवशी आप्पांना आवडतात तशी भरली वांगी केली होती. वास दुकानात येत होता. पडदा मी मुद्दाम अर्धा सारून ठेवला होता. आत पाट मांडलेला दिसत होता. आप्पांनी हात धुतले, टॉवेलनं पुसले, त्या बाजूला एकदा बघितलं. मला वाटलं, आता येतील.

"एसटी चुकंल," ते म्हणाले आणि पिशवी उचलली.

पुढच्या आठवड्यात आप्पा आले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाहीत. मी आईला फोनवर विचारलं, तब्येत बरी आहे ना. ती म्हणाली, तब्येतीला काय झालंय. मी म्हटलं, मग आले नाहीत ते? आई म्हणाली, "मी म्हणलं त्यांना, जावा की. तर म्हणाले, मशीन चालू झालं. आता माझं काय काम हाय तिथं?"

मशीन चालू झालं याचं दुःख करायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

यांना वाईट वाटलं, पण ते म्हणाले की आपण जाऊ. आम्ही गेलो. पाच-सहा महिन्यांनी गेलो असू. मला तेव्हा दिवस गेले होते आणि आईला भेटायचंही होतं. दौंडच्या त्या घराचं दार आप्पांनीच उघडलं. हे वाकून पाया पडले तेव्हा आप्पा मागं सरले, "असू द्या, असू द्या," म्हणाले. आम्ही बसलो. पंखा लावला. आप्पांनी विचारलं, "मशीन चालतंय ना?"

"चालतंय मामा. एक नंबर."

"मग?" आप्पा म्हणाले.

तेव्हा तो शब्द मला फार लागला. वाटलं, दारात आलेल्या लेकीला कुणी असं विचारतं का? आज वाटतं, त्यांच्या मनात तसं काही नसावं. आयुष्यभर त्यांच्याकडं रेल्वेचे जे डबे आले ते बिघडलेले म्हणून आले. चालू असलेला डबा शेडमध्ये आला तर ते असंच विचारणार, मग? कशाला आणलाय? बिघाड असला की त्यांना कसं वागायचं ते कळायचं. सगळं ठीक असताना समोर बसून काय बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. यांनाही नव्हतं. दोघं पंख्याकडं बघत बसले. आईनं पोहे केले, ते खाल्ले आणि आम्ही निघालो.

मुलगी झाली. बारशाला आई आली, आप्पांनी झबलं पाठवलं. पुढं एकदा मशीनचा गॅस पुन्हा उतरला. मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मी यांना म्हणणार होते की आईला फोन करते. पण मी पोरीला दवाखान्यात घेऊन गेले आणि परत येईपर्यंत यांनी झाकण उघडून, नट बदलून, मशीन चालूही केलं होतं. "आप्पांना बोलवलं असतं की," मी म्हटलं. हे म्हणाले, "त्यांनीच तर शिकवलंय. परत विचारलं तर म्हणतील, शिकवलेलं डोक्यात ऱ्हात न्हाई." आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही मला म्हणता येईना. आप्पा नक्की तसं म्हणाले असते. पण आले असते.

नंतरची वर्षं भरभर गेली. बंद डब्याच्या बॅटऱ्या आल्या, ज्यांत पाणीही घालायचं नाही आणि ज्या उघडायच्याही नाहीत. गेली की नवी घ्यायची. रांजणगावला, शिक्रापूरला कारखाने वाढले, रस्ता ट्रकांनी भरला, बॅटऱ्या वाढल्या, पण दुरुस्ती संपली. यांनी नव्या बॅटऱ्या विकायला ठेवल्या. मशीन फळीवर गेलं. आईचे गुडघे धरले, तिचं एसटीनं येणं थांबलं. घरोघरी फोन आले होते. फोनवर ती पोरीशी बोलायची, माझ्याशी बोलायची. 'आप्पा कसे आहेत' विचारलं की म्हणायची, "हायत. मागं परसात काहीतरी खटपट करत बसत्यात."

काय खटपट, हे मी विचारलं नाही. निवृत्त माणूस, काहीतरी करत असेल.

आप्पा बाजारातून भाजी घेऊन येताना गेले. रस्त्याच्या कडेला बसले ते उठलेच नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले. हे परसात हात धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेले. मागच्या पडवीत गोणपाटाखाली स्टीलचा डबा होता. झाकण, नटबोल्ट, नळी, पाण्याची बाटली. आमच्याकडच्या मशीनसारखंच, पण जास्त सुबक. कडा घासलेल्या, वायरी क्लिपांत बसवलेल्या. शेजारी जुना चार्जर. आप्पांनी स्वतःचं एक मशीन केलं होतं. ज्या घरात एक बॅटरी नव्हती, जोडायला शिशाची एक पट्टी नव्हती, तिथं.

आई काठी टेकत दारात आली. "ते व्हय? ते लई दिस चाललं होतं. पण नीट चालत न्हवतं. रोज म्हणायचे, गॅस कमी येतोय."

हे वळले. "तुम्हाला म्हणायचे?"

"मला नायतर कुणाला? भाकरी खाताना म्हणायचे, झोपताना म्हणायचे. गॅस कमी येतोय, काय कळंना. मी म्हणायची, मला मेलीला काय समजतंय त्यातलं? मग म्हणायचे, तिकडं फोन केलास का? मी म्हणायची, केला होता, पोरगी बरी हाय. मग गप बसायचे."

आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. ती हळूहळू पायरीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "मला काय ठावं," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हातारपणी पोरखेळ चाललाय. जावयाला सांगितलं तर ह्यांचं हसं हुईल. मी मुद्दाम न्हाई सांगितलं."

यांनी डबा उजेडात ओढला, पाणी तपासलं, चार्जर लावला. घरातलं साबणाचं पाणी आणायला मला सांगितलं. झाकणाच्या नळीपाशी, अगदी पहिल्या सांध्यालाच, फेस आला. नळी नुसती वरून बसवलेली होती, तिला क्लिप नव्हती. बाकी सगळ्या सांध्यांना होती.

"हे मिस्त्रींना दिसलं नसंल?" हे म्हणाले. "पहिल्या दिवशी पहिला सांधा त्यांनीच तपासला होता. त्यांच्या हातनं हे ऱ्हातंय व्हय?"

मला उत्तर माहीत नाही. डोळे अधू झाले होते त्यांचे, तेव्हा राहूनही गेलं असेल. किंवा त्यांनी ते तसंच ठेवलं असेल, आम्ही येईपर्यंत. यांची समजूत पक्की आहे, की ही दुसरी गोष्टच खरी. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण मला ती पहिलीपेक्षा जास्त छळते.

मशीन आम्ही दौंडहून आणलं नाही. आईला मात्र आणलं. ती आता आमच्याकडं असते. पुढच्या बाजूला, जिथं पूर्वी चार्जरचं टेबल होतं, तिथं तिची खाट टाकली आहे, कारण तिला रस्ता दिसावा लागतो. अधूनमधून, काही संबंध नसताना, ती मला विचारते, "मी नुसता निरोप दिला असता, तर काय झालं असतं गं?"

"काही नसतं झालं, आई," मी म्हणते. "हे गेले असते, क्लिप लावली असती, परत आले असते."

ती मान हलवते. तिला ते पटत नाही. मलाही पटत नाही.